अल्पभूधारकाच्या गव्हाचा भाव कोण ठरवितो?

(अल्पभूधारक शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



ज्याने धान्य पिकविले त्याला त्याची किंमत सांगता येत नाही. ती विकत घेणारा सांगतो. असे का व्हावे? शहाणी माणसे उत्तर देतात की, तुमची जमीन लहान आहे म्हणून. हे उत्तर अपुरे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. जमीन लहान की मोठी हे केवळ तिच्या एकरांवरून ठरत नसून, तिला भांडवल, अवजारे व श्रम यांची जोड कितपत आहे यावरून ठरते, असा त्यांचा सिद्धान्त होता. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार या देशातील सुमारे ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरांच्या आतले आहेत. तेव्हा हा प्रश्न मूठभरांचा नव्हे.

गव्हाचेच उदाहरण घ्या. बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा असे कृषिशास्त्र सांगते. परंतु सोयाबीन विकून हाती पैसा आल्यावाचून ज्याला बी व खत आणता येत नाही, त्याची पेरणी डिसेंबरावर जाते आणि दाणा भरण्याच्या वेळी त्याचे पीक उन्हात सापडते. मुकुटमुळे फुटतात त्या वेळी, म्हणजे पेरणीपासून सुमारे एकविसाव्या दिवशी, पाणी मिळालेच पाहिजे. ज्याची स्वतःची विहीर नाही, तो शेजाऱ्याच्या मर्जीवर. आणि ज्याची आहे, तो रात्री येणाऱ्या विजेची वाट पाहत, साप-विंचवांच्या भीतीत बांधावर उभा. निफाडच्या संशोधन केंद्राने काढलेला नेत्रावती वाण कमी पाण्यावरही येतो. पण त्याचे बी वेळेवर हाती पडेल तर ना!

पीक आले, आता विक्री पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने गव्हाचा हमीभाव क्विंटलला २४२५ रुपये ठरविला. परंतु सरकारी खरेदी प्रामुख्याने पंजाब, हरियाणा व मध्यप्रदेश यांसारख्या राज्यांत होते. महाराष्ट्रातील गव्हाला तिचा आधार जवळजवळ नाहीच. शांताकुमार समितीने २०१५ साली दिलेल्या अहवालानुसार, देशातील अवघ्या ६ टक्के शेतकऱ्यांना हमीभावाने सरकारी यंत्रणेस माल विकता आला होता. हमीभाव ऐकू येतो सर्वांना, मिळतो थोड्यांना.

समजा, एका एकरात आठ क्विंटल गहू झाला. तीन क्विंटल घरी खाण्यास ठेवले, उरले पाच. या पाच पोत्यांसाठी बाजार समितीपर्यंत टेम्पो करावा, हमाली व तोलाई द्यावी, की गावच्या व्यापाऱ्यास दोनशे रुपये कमी भावाने दारातच माल द्यावा? दारात दिला तर हजार रुपये गेले. बाजारात नेला तर तितकेच भाड्यात व दिवसाच्या मजुरीत जाऊ शकतात. शिवाय त्याच व्यापाऱ्याकडून बी-खताची उचल घेतलेली असेल, तर निवड करण्याचे स्वातंत्र्यही उरत नाही. ऋणको हा मोकळा विक्रेता नसतो.

वरून धोरणाचा आघात होतो तो निराळाच. २०२२ च्या मार्चमध्ये उष्णतेची लाट आली, पीक घटले, भाव चढला. त्याच वर्षी १३ मे रोजी सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. शहरातील गरिबाला भाकरी स्वस्त मिळावी, हे योग्यच आहे. आपणही त्यांतलेच आहोत. परंतु त्या स्वस्ताईची किंमत एकट्या उत्पादकाने का भरावी?

आता आपल्यातल्या सर्वांत दुबळ्याकडे पाहा. जो गायरानाचा तुकडा वर्षानुवर्षे कसतो किंवा बटाईने शेत करतो, त्याच्या नावाचा सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून पीककर्ज मिळणे दुरापास्त, खरेदी केंद्रावर नोंद होणे कठीण आणि नुकसानभरपाईही दुसऱ्याच्या नावे. कसेल त्याची जमीन व भूमिहीनांस पडीक जमीन, या मागण्यांसाठी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. त्या मागण्यांचे काम अद्याप संपलेले नाही. जमिनीचा हक्क व धान्याचा भाव हे दोन प्रश्न नसून एकच आहे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, पाच पोती एकट्याने विकू नका. वीस घरांची शंभर पोती एकत्र गेली तर भाडे वाटले जाते आणि व्यापाऱ्यास तुमच्याशी बोलावे लागते. माल वाळवून, चाळून न्या. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला की भाव कापण्यास निमित्त मिळते. दुसरी गोष्ट, काढणीच्या घाईत विकू नका. बाजार समित्यांमार्फत १९९०-९१ पासून शेतमाल तारण योजना चालते. धान्य गोदामात ठेवून कर्ज घेता येते व पुढे भाव पाहून विकता येते. आपल्या समितीत ती चालू आहे काय, हे विचारा. नसल्यास लेखी मागणी करा. तिसरी गोष्ट, वजनाची पावती घेतल्यावाचून काट्यावरून हलू नका व कायद्याने वर्ज्य असलेला कडता कोणी कापल्यास तक्रार नोंदवा. चौथी गोष्ट, कसणाऱ्याची नोंद पीकपाहणीत व्हावी यासाठी गावोगाव अर्ज द्या आणि प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवा.

एकट्याची विनंती कचेरीत पडून राहते. वीस घरांचा अर्ज बाजूस सारणे इतके सोपे नसते. येत्या पेरणीपूर्वी प्रत्येक गावात अशी वीस घरे एकत्र यावीत, एवढीच माझी मागणी आहे.