खिशातला चाकू : घेताना आणि वापरताना
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



बी-बियाणे आणि खते सोडून आज मी चाकूवर बोलणार, याचे आपल्याला नवल वाटेल. पण सुतळी तोडणे, पोत्याची शिवण उसवणे, ठिबकची नळी छाटणे, जनावराच्या गळ्याला आवळलेले दावे कापणे, अशा कामांना खिशातला चाकूच लागतो. बाजारात आपण तो धार पाहून घेतो. माझ्या मते पाहायचा असतो तो सांधा. धार घरी दगडावर लावता येते. ढिला सांधा मात्र घरी सहसा नीट होत नाही, आणि काम करताना पाते मिटले की ते थेट बोटांवर येते.

तेव्हा परीक्षा दुकानातच करावी. चाकू पूर्ण उघडावा, पाते पाठीकडून चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवावे. पाते डुगडुगत असेल तर चाकू परत ठेवावा. मग एकही बोट पात्याच्या वाटेत येणार नाही अशी मूठ धरून पात्याची बोथट पाठ लाकडी फळीवर दोन-तीन वेळा हलकेच आपटावी. खटक्याचा चाकू मिटता कामा नये. मिटलेला चाकू उलटा धरून हिसका दिल्यावर पाते बाहेर येत असेल, तर तो खिशात ठेवण्याच्या लायकीचा नाही.

खटका फार गुंतागुंतीचा असावा लागत नाही. फ्रान्सच्या साव्हॉय या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली लाकडी मुठीचा साधा चाकू बनवला. पाते अडवून धरणारी फिरती कडी त्याला १९५५ साली आली. तेवढी एक कडी पुरते. बिनखटक्याचा चाकू असेल तर फक्त ओढून कापावे, टोक कशातही खुपसू नये. दहा अवजारे एकत्र असलेला स्वस्त चाकू मी तरी घेणार नाही. जितके सांधे जास्त, तितकी ढिलाई जास्त. पाते तीन इंचांचे पुरे. मूठ लाल किंवा पिवळी असावी, म्हणजे गवतात पडली तरी सापडते.

साध्या पोलादाला धार लवकर लागते, पण लिंबाच्या रसाने ते काळे पडते व ओल राहिल्यास गंजते. रोज पुसून तेलाचे बोट फिरवणाऱ्याने ते घ्यावे, इतरांनी स्टेनलेस घ्यावे. धार लावताना पाते दगडावर उभे धरावे, निम्मे कलते करावे, पुन्हा निम्मे करावे. हाच साधारण योग्य कोन.

आता संत्रा-मोसंबीच्या बागाईतदारांसाठी महत्त्वाचे. सुतळीचा चाकू डोळे भरायला वापरू नये. डोळे भरण्याच्या चाकूला बहुधा एकाच बाजूने धार असते, त्यामुळे काप सपाट येतो. शिवाय, चाकू रोग पसरवतो. लिंबूवर्गीय झाडांतील एक्सोकॉर्टिस हा व्हायरॉइडमुळे होणारा रोग दूषित पात्यावरून एका झाडातून दुसऱ्यात जातो. रंगपूर लिंबाच्या खुंटाची साल सुटते, झाड खुरटते. झाडाला लागण झाली की बागेत त्यावर इलाज नाही. पाते ज्योतीवर धरणे किंवा स्पिरिटने पुसणे इथे भरवशाचे नाही. सोडियम हायपोक्लोराइटच्या १ टक्का द्रावणात पाते बुडवावे, आणि एका मातृवृक्षावरून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी बुडवावे. हे द्रावण पोलाद खाते, म्हणून काम संपताच पाते धुऊन, कोरडे करून तेल लावावे.

कायद्याचेही थोडे. केवळ शेतीच्या किंवा घरगुती वापरासाठी बनवलेली वस्तू १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्र ठरत नाही. तरीही बटण दाबताच उघडणारा रामपुरी घेऊ नये. शेतात त्याचा उपयोग नाही आणि चौकशी मात्र मागे लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल, तर तालुक्याला जाताना चाकू घरीच ठेवावा.

एवढे करूनही बोट कापलेच, तर जखमेवर माती, राख किंवा तंबाखू दाबू नये. साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने दाबून धरावे. रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल किंवा धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली हे आठवत नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.