काठावरच्या नांगराची किंमत
(औंध येथील व्याख्यान)



महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील खटाव-माण भागात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास रेंगाळतो, आणि तोही भरवशाचा नाही. अशा मुलखात पाण्याच्या ओढीने शेती नदीकडे सरकते. येरळा आणि माणगंगा यांच्या काठचे गवत, करंज, बाभूळ हटवून नांगर थेट दरडीपर्यंत जाऊन पोचला, यात शेतकऱ्याचा लोभ शोधणे अन्यायाचे ठरेल. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला ओलाव्याची दोन गुंठे जमीनही सोडवत नाही. प्रश्न असा आहे की, या विस्ताराची किंमत कोण मोजतो?

कोरड्या प्रदेशातील नदीकाठ ही पडीक जमीन नव्हे. काठची झाडेझुडपे दरड धरून ठेवतात, शेतातून वाहून येणारा गाळ अडवितात आणि पुराचा वेग मंदावतात. पात्रातील वाळू पावसाळ्याचे पाणी पोटात साठवून आजूबाजूच्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पुरविते. काठ नांगरला की माती पात्रात जाते. वाळू उपसली की साठवण संपते. पंप वाढले की खालच्या गावाच्या विहिरी कोरड्या पडतात. नफा एका सातबाऱ्यावर नोंदला जातो, तोटा मात्र कोणाच्याच खात्यावर दिसत नाही. तो मेंढपाळाच्या चराईत, भूमिहीनाच्या सरपणात आणि पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या स्त्रीच्या श्रमांत दडलेला असतो.

दुसरा धोका पाणी नसल्याचा नव्हे, तर पाणी आल्याचा आहे. ताकारी, टेंभू, जिहे-कठापूर या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी भागाकडे वळविले. ही मागणी न्याय्यच होती. परंतु कृष्णाकाठी, वाळवा-मिरज पट्ट्यात, काय घडले ते विसरता येणार नाही. भारी काळी जमीन, बारमाही ऊस, मोकाट पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे भूजल वर चढले. पाण्याची वाफ झाली, क्षार पृष्ठभागावर राहिले आणि हजारो हेक्टर सुपीक रान चोपण झाले. ज्या जमिनीने कारखान्यांची धुराडी पेटती ठेवली, तिच्यावर आज गवतही धड उगवत नाही. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून ती सुधारता येते. पण तो खर्च अल्पभूधारकाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

जगाचा अनुभव याहून वेगळा नाही. सोव्हिएत नियोजनकारांनी कापसासाठी अमू दर्या व सिर दर्या या नद्यांचे पाणी वाळवंटाकडे वळविले. १९६० च्या सुमारास क्षेत्रफळाने जगात चौथा असलेला अरल समुद्र त्यामुळे आटत गेला आणि उघड्या पडलेल्या तळाचे क्षार वाऱ्याने शेतांवर पसरले. उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची असली म्हणजे निसर्गाचा हिशेब आपोआप चुकता होतो, या समजुतीला समाजवाद्यांनीही तिथे उत्तर द्यावे लागते.

मग शेती वाढवूच नये काय? तसे नाही. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यातील तांदूळवाडी व बलवडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने येरळेवर बळीराजा धरण उभे केले. वाळूच्या बेबंद उपशाला विरोध करीत, मर्यादित वाळू विकून त्यांनी निधी जमविला. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान वाटा, हे तत्त्व त्यांनी मांडले. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीवर नव्हे, माणसांवर वाटले आणि उसाला नकार दिला. दोन्हींचा बोध एकच आहे: आधी पाण्याचा वाटा, मग पीक आणि शेवटी क्षेत्र. आज हा क्रम नेमका उलटा चालतो.

म्हणून पाणी पोचण्यापूर्वीच तीन गोष्टी ठरल्या पाहिजेत. नदीकाठचा पट्टा गायरानाप्रमाणे सामाईक मानून राखावा. पाटाबरोबरच निचऱ्याचा चर खोदावा आणि त्याचा खर्च योजनेतच धरावा. बारमाही पिकांना मर्यादा घालून ज्वारी, कडधान्ये व चाऱ्याला पाण्याचा पहिला हक्क द्यावा.

हे निर्णय मंत्रालयातून उतरणार नाहीत. याच औंध संस्थानाने १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना स्वीकारून कारभार ग्रामपंचायतींच्या हाती सोपविला होता. तेव्हा गावांनी सत्ता वाटून घेतली. आता त्यांनी पाणी वाटून घ्यावे आणि नांगर कोठे थांबवायचा, हेही ग्रामसभेतच ठरवावे. तसे झाले नाही, तर कृष्णेच्या पाण्यामागून कृष्णाकाठची चोपणही माणदेशात आल्यावाचून राहणार नाही.