आधी कागद, मग कॅमेरा
(विहाराच्या वर्धापनदिनी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या विहारातील मुलामुलींनी आठ मिनिटांची एक छोटी फिल्म तयार केली. ती याच सभागृहात पडदा लावून आपण सर्वांनी पाहिली. तशी फिल्म पुढच्या मुलांनीही करावी, म्हणून त्या कामाविषयी दोन शब्द बोलावेत असे समितीने मला सांगितले. मी काही सिनेमावाला नाही, गिरणीतला कामगार आहे. या कामात माझा वाटा म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड घेऊन फिरणे आणि नळावरच्या बायाबापड्यांना "जरा दहा मिनिटं हळू बोला" म्हणून हात जोडणे. पण मी पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर होतो आणि काय चुकलं ते डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून सुरुवात चुकीपासूनच करतो.

आपल्या वस्तीत १९५६ सालचे साक्षीदार किती उरले, याचा हिशेब करा. त्या वेळी दहा-बारा वर्षांचं असलेलं माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. या लोकांचे अनुभव टिपून ठेवावेत, ही कल्पना माझीच. मीच पोरांना म्हणालो, "चला, मोबाईल आहे ना तुमच्याकडे, मग आणखी काय लागतं?" पाच पोरं घेऊन आम्ही एका आजोबांच्या घरी गेलो. आजोबा दोन तास बोलले. धम्मदीक्षेचं बोलले, ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर वडिलांच्या खांद्यावर बसून काय पाहिलं ते बोलले. आम्ही खूश होऊन घरी आलो.

रात्री ते लावून पाहिलं तर आजोबांच्या डोक्यावर पंखा घरघरत होता, शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, आणि आजोबांची पाठ खिडकीकडे असल्यामुळे चेहरा काळा पडला होता. शब्द धड कळत नव्हते. शिवाय तासाभरात मोबाईलमधली जागा संपून पुढचं उतरलंच नव्हतं. चौपाटीची हकिगत त्या न उतरलेल्या भागात होती. पोरं म्हणाली, परीक्षा झाली की परत जाऊ. परीक्षा झाली, पण तोवर आजोबा गेले. त्यांचा मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, बाबांचा आवाज तेवढा द्या." मी त्याला पंख्याची घरघर दिली. बंधुभगिनींनो, ही चूक पोरांची नव्हती, माझी होती.

त्या दिवसापासून आम्ही एक गोष्ट मनाशी पक्की केली. आधी कागद, मग कॅमेरा.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची बातमी ६ डिसेंबर १९५६ ला आली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईत अंत्ययात्रा निघाली. नामदेवराव व्हटकर यांनी पदरचे पैसे घालून त्या यात्रेचे चित्रीकरण केले. त्यांच्या हातात वेळ किती होता? एक रात्र. फिल्मचा एकेक फूट पैशाने मोजून घ्यावा लागत होता. कुठे उभं राहायचं, काय टिपायचं आणि काय सोडायचं, हे ठरवल्याशिवाय त्यांना एक फूटही वाया घालवणं परवडणारं नव्हतं. त्यांनी ते केलं म्हणून तो जनसागर आज आपली नातवंडं पाहू शकतात. आपल्याला मोबाईलवर फुकट उतरवता येतं, म्हणून आपण विचारच करत नाही. आपल्या गरिबीत जी शिस्त होती, ती सोय आल्यावर सुटू द्यायची का, याचा विचार व्हावा.

दुसऱ्या वेळी आम्ही महिनाभर मोबाईलला हात लावला नाही. पहिलं काम म्हणजे विषय लहान करणं. पोरांना बाबासाहेबांचं सगळं चरित्र दाखवायचं होतं. मी म्हणालो, जब्बार पटेलांनी २००० साली बाबासाहेबांवर चित्रपट काढला, तो तीन तासांच्या आसपास आहे, तरी कितीतरी राहूनच गेलं. आपल्याकडे आहेत आठ मिनिटं. तेव्हा एका वाक्यात बसेल असाच प्रश्न घ्या. चार दिवस वाद होऊन प्रश्न ठरला : "दीक्षा घेऊन परत आल्यावर तुमच्या घरात दुसऱ्या दिवशी काय बदललं?" हे वाक्य पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलं. ज्या गोष्टीचा या वाक्याशी संबंध नाही, ती कितीही चांगली असली तरी या फिल्ममध्ये येणार नाही.

दुसरं काम हिशेबाचं. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे आठ मिनिटांत न थांबता बोललं तरी हजारभर शब्द. आमच्या एका हुशार मुलाने नुसती प्रस्तावनाच चार फुलस्केप पानं लिहून आणली होती! मग वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात काय दिसणार, दुसऱ्यात काय ऐकू येणार, तिसऱ्यात किती सेकंद. एकूण बेरीज ४८० सेकंदांच्या पुढे जाता कामा नये. गिरणीत साच्यावर कापड दिसायला लागतं, पण त्याआधी ताणा भरावा लागतो, त्याला कांजी द्यावी लागते, मग बीम साच्यावर चढतो. ताण्यात एक धागा चुकला की तागाभर रेघ जाते. या वहीचंही तसंच आहे.

तिसरं काम वाटणीचं. प्रश्न विचारणारा एक, कॅमेरा एकाकडे, कानाला हेडफोन लावून फक्त आवाज ऐकणारा एक, कोणत्या मिनिटाला काय बोलणं झालं ते वहीत टिपणारा एक, आणि घरच्यांशी बोलून वेळ ठरवणारा एक. सुरुवातीला पोरांनी मुलींना चहापाण्याचं काम दिलं होतं. ते मी चालू दिलं नाही. कॅमेरा एका मुलीने धरला आणि तिचा हात सगळ्यांत स्थिर निघाला.

चौथं काम म्हणजे कॅमेऱ्याशिवाय भेट. ज्यांना विचारायचं त्यांच्याकडे आधी एकदा नुसतं जाऊन बसा. त्यांची तब्येत कशी आहे, दुपारी बोलणार की सकाळी, उजेड कुठून येतो, पाण्याचा पंप कधी चालू होतो, हे बघून या. चित्रीकरण कशासाठी आणि कुठे दाखवणार, हे त्यांना समजावून सांगा आणि त्यांची लेखी संमती घ्या. आपली माणसं भोळेपणाने हो म्हणतात, म्हणून आपली जबाबदारी जास्त.

प्रत्यक्ष दिवशी पंखा बंद, मोबाईल आडवा, फोन येऊ नये म्हणून फ्लाइट मोड, मेमरी रिकामी, बॅटरी भरलेली. माणूस खिडकीकडे तोंड करून बसवायचा, माईक छातीजवळ लावायचा. एक मिनिट उतरवून ऐकायचं आणि मगच पुढे जायचं. 'हो' किंवा 'नाही' म्हणून संपेल असा प्रश्न विचारायचा नाही. आणि उत्तर संपलं असं वाटलं तरी लगेच दुसरा प्रश्न टाकायचा नाही. एका आजींनी सांगितलं, "बापानं देव्हाऱ्यातले देव गाठोड्यात बांधून नदीला नेले." पोरं गप्प राहिली. आजीही गप्प. मग त्या म्हणाल्या, "आईला रात्रभर झोप नाही आली. सकाळी उठून तिनं त्या रिकाम्या कोनाड्यात माझी पाटी ठेवली." पोरांनी घाई केली असती तर ही पाटी आपल्याला कधीच मिळाली नसती.

याच आजींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, ती सर्वांनी लक्षात ठेवावी. आजींचं माहेर विदर्भातलं. त्या म्हणाल्या, "आम्ही दीक्षा चांद्याला घेतली, बाबासाहेबांच्या समोर." पोरांना शाळेत माहीत झालेलं एवढंच की १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. ती आपसात म्हणाली, आजींचं वय झालंय, विसरल्या, हे वाक्य कापून टाकू. मी म्हणालो, थांबा, आधी ग्रंथ उघडा. कालाम सुत्तात भगवंतांनी सांगितलंय की ऐकीव आहे म्हणून मानू नका. मग शाळेत ऐकलं तेही पारखूनच घ्यायला नको का? विहाराच्या कपाटातली पुस्तकं काढली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, दीक्षा दिली होती. आजींचं बरोबर होतं. शिकलेल्या पोरांच्या हातात कात्री होती आणि अडाणी म्हातारीच्या तोंडात इतिहास होता. ही कात्री आपल्या लोकांवर फार वर्षं चालली आहे. ती निदान आपल्या हातून चालू नये.

म्हणून संकलनाचे आम्ही नियम केले. पावणेतीन तासांच्या चित्रीकरणातून आठ मिनिटं काढायची, म्हणजे बहुतेक सगळं वगळावं लागतंच. पण वाक्याचा अर्थ फिरेल असं कापायचं नाही. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडायचं नाही. सम्यक वाचा ही जिभेपुरती नाही, कात्रीलाही ती लागू आहे. तयार झालेली फिल्म आधी बोलणाऱ्या माणसाला दाखवायची आणि त्याने नको म्हटलेलं काढायचं. आजींनी एक नाव काढायला सांगितलं, ते आम्ही काढलं.

गाण्याचाही प्रश्न आला. प्रसिद्ध भीमगीत मागे लावावं अशी पोरांची इच्छा. पण आपल्या कायद्याप्रमाणे कवीच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत हक्क त्याच्या वारसांकडे राहतो, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. आपल्या शाहिरांना हयातीत कोणी पुरेसं दिलं नाही, निदान त्यांच्या घरच्यांना न विचारता आपण तरी घेऊ नये. शेवटी आपल्याच मुलींनी म्हटलेली वंदना लावली आणि ती शोभली.

शेवटचं. आठ मिनिटांची फिल्म आपण पाहिली, पण माझ्या मते खरा ठेवा म्हणजे ते पावणेतीन तास. न कापलेलं सगळं चित्रीकरण नाव, तारीख, ठिकाण लिहून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलं आहे. एक प्रत विहाराच्या ग्रंथालयाच्या कपाटात आहे.

माझी आईबापांना विनंती आहे. पोरगं मोबाईल घेऊन बसलं की आपण ओरडतो. ओरडा जरूर, पण एक रविवार त्याला वही देऊन आजी-आजोबांसमोर बसवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, परीक्षा झाल्यावर जाऊ असं म्हणू नका. आज मेळावा संपल्यावर बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. तुमच्या घरात १९५६ पाहिलेलं कोणी असेल तर त्यांचं नाव आणि खोली नंबर लिहून जा. पहिलं पान त्या आजोबांच्या मुलाने भरलं आहे. त्याची आई अजून आहे, आणि ती बोलायला तयार आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!