समान परीक्षा, असमान तयारी
(मालेगाव येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षणाचे महत्त्व आपणांस नव्याने सांगावे, असा काळ आता राहिलेला नाही. मेडशीपासून शिरपुरापर्यंत आपली मुले-मुली बारावीपर्यंत पोहोचू लागली आहेत. प्रश्न आहे तो पुढच्या दाराचा, आणि त्या दाराशी प्रवेशपरीक्षा उभी आहे. तिच्याविषयीच आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

अशी परीक्षा ही काही आजची गोष्ट नव्हे. मुंबई विद्यापीठाने १८५९ साली घेतलेली पहिली मॅट्रिक ही कॉलेजप्रवेशाचीच परीक्षा होती; न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर हे त्याच पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. पुढे बोर्डाच्या गुणांवर प्रवेश मिळू लागले, आणि व्यावसायिक शिक्षणापुरती तीही पद्धत मागे पडली. २०१४ व २०१५ साली राज्यातील इंजिनिअरिंगच्या प्रवेशास केंद्राची जेईई धरली गेली. २०१६ पासून पुन्हा राज्याची सीईटी आली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वैद्यकीय प्रवेशासाठी नीट पुन्हा लागू झाली. नियम असे पालटतात ते शहरातील पालकास दुसऱ्या दिवशी कळते. खेड्यातील पालकास पुष्कळदा प्रवेश हुकल्यावर कळते.

या परीक्षा नकोतच, असे काही जण म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. निरनिराळ्या बोर्डांचे गुण एका तराजूत तोलता येत नाहीत. सर्वांस एक कसोटी असणे हे गरिबाच्याही हिताचे आहे. २०२४ साली नीटची प्रश्नपत्रिका फुटली, हे खरे. परंतु त्यावर उपाय कडक बंदोबस्ताचा आहे, कसोटीच मोडून टाकण्याचा नव्हे. मात्र कसोटी एक असली म्हणून तयारी एक होत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

इंजिनिअरिंगची सीईटी संगणकावर होते. भौतिक व रसायन या विषयांचे मिळून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवावयाचे असतात, म्हणजे एका प्रश्नास पुरते एक मिनिटही नाही. गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाने संगणकास प्रथम हात लावावा तो परीक्षेच्या दिवशी, ही कोठली समता? सीईटीत चुकीच्या उत्तरास गुण कापत नाहीत, नीटमध्ये एक गुण कापतात. एवढी साधी गोष्टही सांगणारे कोणी नसल्यामुळे मुले नुकसान करून घेतात.

ज्यांना झेपते ते सोयाबीनचा पैसा गाठीशी बांधून मुलास पातूरचा घाट ओलांडून अकोल्यास, नाही तर लातुरास, क्लासला धाडतात. पैसा एकाच्याच पुरता असला की भाऊ जातो आणि त्याच्याहून हुशार बहीण घरी राहते. हे आपल्या ज्ञातीत घडते, आणि ते आपणां सर्वांस ठाऊक आहे.

२०२४ साली वाशीम येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु विदर्भातील सत्तर टक्के जागा विदर्भाच्या विद्यार्थ्यांस देणारी वाटणी २०२० सालीच रद्द झाली. महाविद्यालय दाराशी आले, तरी त्यातील जागेसाठी सर्व राज्याशी स्पर्धा आहे.

तेव्हा आमची मंडळास विनंती अशी. गुणवंतांचा सत्कार अवश्य करावा. परंतु शाल-श्रीफळ यशानंतर येते, आणि मदतीची वेळ त्याच्या दोन वर्षे आधी असते. अकरावीच्या मुलांसाठी मालेगावातच चार संगणकांची अभ्यासिका असावी. दर रविवारी तेथे वेळ लावून सरावपरीक्षा घ्यावी आणि तीत मुलींस प्रथम जागा द्यावी. जातवैधता, नॉन-क्रीमीलेयर वगैरे दाखल्यांचे अर्ज बारावीच्या आरंभीच भरून घ्यावेत. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या योजनांपैकी ज्यास जी लागू असेल तिची माहिती वेळेवर घरोघर पोहोचवावी. आपल्यांतील निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून दोन तास दिले, तरी हे काम उभे राहील.

हा भार कोण उचलतो, ते याच सभेत ठरावे, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.