आधी ट्रॅक, मग रंग

(कॅनडातील मराठी श्रोत्यांसाठी दिलेले रेडिओ भाषण)



मला दिलेल्या दहा मिनिटांत मी एकच गोष्ट सांगणार आहे. कोणी मध्येच चहा टाकायला उठलं तरी ती निसटू नये म्हणून पुन्हा पुन्हा सांगणार आहे. जुनी बॉम्बार्डियर बर्फगाडी हिवाळ्यात चालवण्यासाठी घेतली असेल, तर तिच्या दुरुस्तीला खालून हात घाला. आधी ट्रॅक आणि चाकं. मग सांगाडा. मग इंजिन. रंग सगळ्यात शेवटी.

विनिपेग सरोवराच्या काठचे जुने मासेमार आता थकले. त्यांच्या शेडमधल्या बॉम्बार्डियरच्या बी-१२ गाड्या आपल्यातली हौशी मंडळी विकत घेतात, याचा मला मनापासून आनंद आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसलेला मी माणूस. एवढं जुनं यंत्र कोणी पुन्हा उभं करतंय असं कळलं की पान्हे घेऊन निघतो. पण गेल्यावर काय दिसतं? चकचकीत पिवळा रंग, गोल खिडक्यांना नव्या काचा, बाकांना नवं रेक्झिन. आणि खाली वाकून पाहावं तर ट्रॅकच्या पट्ट्याच्या रबराला नख आत जाईल एवढे तडे. ट्रॅक कधी करणार, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "काका, यंदाचा हिवाळा निघेल तेवढ्यावर." नाही निघणार, बाबांनो. सरोवरावर वीस मैल आत, उणे तीसमध्ये, तो पट्टा तुटला की तुमच्या पिवळ्या रंगाचा उपयोग एवढाच, की शोधायला येणाऱ्यांना गाडी लांबून दिसेल.

कोकणातल्या श्रोत्यांना लगेच पटेल असं सांगतो. वैशाखात कौलारू घर शाकारायला काढतात. जाणता माणूस आधी काय करतो? माळ्यावर चढतो, अंधारात उभा राहतो आणि उजेड कुठून आत येतोय ते पाहतो. मग कौलं उतरवतो, रीप तपासतो, वाशाला वाळवी लागलीय का ते टोचून बघतो. भिंतीला चुना तो शेवटी लावतो, आणि हात आखडला तर यंदा नाहीच लावत. कारण मृगाचा पाऊस भिंतीचा रंग पाहून पडत नाही. घरात पाणी वरून येतं म्हणून तिथे छप्पर आधी. या गाडीत संकट खालून येतं म्हणून इथे ट्रॅक आधी. आणि मृगाचे ढग दिसू लागल्यावर शाकारायला घेऊन चालत नाही, तसं नोव्हेंबरात ट्रॅक उघडून चालत नाही. आत्ता उन्हाळा आहे. आत्ता करा.

ही गाडी मुळात कशासाठी झाली, तेही आठवा. जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियर क्वेबेकमधल्या वालकूरचे. १९०७ चा जन्म. वयाच्या पंधराव्या वर्षी, १९२२ च्या शेवटच्या दिवशी, फोर्डचं जुनं इंजिन आणि लाकडी पंखा बसवलेली पहिली बर्फगाडी त्यांनी गावातून फिरवली. पुढे गॅरेज काढलं आणि हिवाळे प्रयोगांत गेले. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन पोटाच्या आजाराने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाखाली गाडलेले होते. त्याला दवाखान्यात नेता आलं नाही आणि तो गेला. त्यानंतर १९३७ साली त्यांना पेटंट मिळालं, ते इंजिनासाठी किंवा गाडीच्या अंगासाठी नव्हे. ते होतं खालच्या भागासाठी: रबर चढवलेलं दातेरी चाक, आणि रबर व सुती कापडाच्या थरांचा पट्टा.

हे नीट ध्यानात घ्या. माणूस वर्षानुवर्षं झगडला तो ट्रॅकशी. उघड्या धातूच्या चाकावर बर्फ चिकटतो, दाबला जाऊन घट्ट होतो, दात्यांमधल्या खाचा बुजतात आणि पट्टा उतरतो. रबरावर तो तसा धरून राहत नाही, झडून पडतो. सगळी करामत तिथे आहे. वरची प्लायवूडची खोली, गोल खिडक्या, पुढच्या दोन स्की हे सगळं त्या ट्रॅकच्या जिवावर. सात माणसांची बी-७ आली, १९४० च्या दशकात बारा माणसांची बी-१२ आली. डॉक्टर, टपाल, रुग्ण आणि शाळेची मुलं या गाड्यांतून गेली. १९४८ मध्ये क्वेबेकने रस्त्यांवरचा बर्फ हटवण्याचा कायदा केला आणि गाड्यांचा खप एकदम घसरला. पण जिथे रस्ताच नाही, तिथे बी-१२ ला काम राहिलं. आपल्या सरोवरावर मासेमारांनी ती सोडली नाही.

आता ट्रॅककडे वळू. गाडी उचलून भक्कम ठोकळ्यांवर ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही, मुलांना तर जवळ येऊ देऊ नका. पट्टे काढा. काढल्याशिवाय तपासणी होत नाही. पट्टा उलटा वाकवून तडे किती खोल आहेत ते पाहा. वरच्या रबराला बारीक रेषा असतील तर ठीक. तड्याच्या तळाशी कापडाचे धागे दिसले तर तो पट्टा बाद समजा, कारण पाणी धाग्यांपर्यंत पोचलंय आणि कापड आतून कुजतंय. आडव्या पोलादी पट्ट्या जिथे बोल्टने बसतात, तिथली भोकं पाहा. गोल भोक लांबट झालं असेल तर बोल्ट बदलून भागणार नाही.

आणि पट्टे बदलाल तेव्हा दोन्ही बाजूंचे बदला. इथे लोक काटकसर करतात. एका बाजूला नवा पट्टा, दुसऱ्या बाजूला जुना, ताणलेला. मग गाडी एकीकडे ओढते आणि स्टिअरिंगशी झुंजत बसावं लागतं. शाकारताना वेगळ्या साच्याची कौलं मध्येच घुसवली की ती शेजारच्या कौलात बसत नाहीत आणि पाणी नेमकं तिथून झिरपतं. तेच इथे.

काही मंडळी म्हणतात, मूळ सुती पट्टा काढून नव्या धाग्याचा बसवला तर गाडीचं अस्सलपण जातं. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. अस्सल पट्टे जपायला वालकूरला बॉम्बार्डियरांच्या नावाचं संग्रहालय आहे, तिथे ते जपलेच पाहिजेत. पण ज्या गाडीत तुम्ही बायको-मुलांना बसवणार, तिचं अस्सलपण ती संध्याकाळी घरी परत येण्यात आहे. जुना पट्टा फेकू नका. गुंडाळून शेडमध्ये टांगा, नव्या पट्ट्याच्या मापाला तो लागेल.

ताण किती ठेवायचा? पट्टा फार सैल असेल तर दात्यांवरून उडी मारतो. फार कसलेला असेल तर बेअरिंगं खातो आणि इंजिनाची ताकद तिथेच जिरते. शिवाय पट्टा आणि चाकं यांच्यामध्ये बर्फ दाटला की ताण आपोआप वाढतो, त्याला जागा ठेवायला हवी. आणि नवा पट्टा पहिल्या तासाभरात ताणला जाऊन सैल होतो. थांबा, खाली उतरा, पुन्हा तपासा.

चाकांची बेअरिंगं उघडून सगळी धुवा. जुनं ग्रीस दगडासारखं झालेलं असतं, त्याच्यावर नवं भरणं म्हणजे काम न केल्यासारखंच. थंडीत मऊ राहणारं ग्रीस भरा, सीलं नवी घाला. दातेरी चाकाचं रबर कुठे सुटलं असेल तर तसंच चालवू नका. मघाशी सांगितलं, सगळी करामत त्या रबरात आहे. आणि पुढच्या स्कीखालच्या पोलादी पट्ट्या पाहा. त्या झिजून सपाट झाल्या असतील तर गुळगुळीत बर्फावर तुम्ही स्टिअरिंग वळवाल आणि गाडी सरळच जाईल.

पुन्हा सांगतो, खालून वर. ट्रॅक झाला, आता सांगाडा. प्लायवूड कुजतं ते कडेने, विशेषतः जमिनीलगत आणि दाराच्या कोपऱ्यांत. टोच्याने टोचा. टोक सहज आत गेलं तर तेवढा भाग कापून काढा. भुसभुशीत लाकडावर नवं प्लाय ठोकणं म्हणजे वाळवी लागलेल्या रिपेवर नवं कौल चढवणं. बाहेरून देखणं, आतून पोकळ. पाण्यात टिकणारं मरीन प्लाय वापरा आणि त्याच्या कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करा. पृष्ठभाग सगळेच रंगवतात, कडा सगळेच विसरतात.

इंजिनाबद्दल थोडक्यात, कारण त्याची काळजी तुम्ही माझ्याशिवायही घेता. मागे बसवलेलं क्रायस्लरचं सहा सिलिंडरचं इंजिन सोशिक आहे, त्याचे सुटे भाग अजून मिळतात. जुनी वायरिंग ६ व्होल्टची असेल तर जाड तारा घाला. आजच्या गाड्यांच्या मानाने व्होल्ट निम्मे म्हणजे करंट दुप्पट, बारीक तारेवर स्टार्टर फिरणार नाही. कूलंट पाण्याबरोबर निम्मं-निम्मं घातलं तर सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. आपल्याकडे एखादी रात्र त्याच्याही खाली जाते, तेव्हा साठ टक्के ठेवा. नुसतं शुद्ध ओतू नका, ते उलट लवकर गोठतं.

एका गोष्टीवर मात्र थांबतो. इंजिन माणसांच्या खोलीला लागून आहे. एक्झॉस्टच्या जोडात फट असेल तर विषारी वायू आत येतो. त्याला वास नाही. थंडीमुळे खिडक्या बंद, मुलं पेंगुळलेली, आणि तुम्हाला वाटतं दमून झोपली. एक्झॉस्टचे जोड नवे करा, इंजिन आणि खोली यांच्यामधल्या फळीतली भोकं बुजवा, आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. त्याची किंमत रंगाच्या एका डब्याहून फार नसेल. हे ऐच्छिक नाही.

वेळ भरत आली, समोरून खूण होतेय. मुक्कामाबद्दल दोन वाक्यं. सरोवरावर टणक बर्फाच्या वर, भुसभुशीत बर्फाखाली साचलेलं पाणी ट्रॅकमध्ये शिरतं आणि गाडी थांबली की तिथेच गोठतं. थांबण्यापूर्वी कोरड्या जागी थोडं पुढेमागे करून ट्रॅक झाडून घ्या आणि गाडी फळ्यांवर उभी करा. गोठलेला ट्रॅक इंजिनाच्या जोराने ओढलात तर उन्हाळाभराची मेहनत एका झटक्यात गेली. आणि बर्फ फुटलाच तर बाहेर पडता यावं म्हणून, छताला झडप असेल तर ती आतून एका हाताने उघडते का पाहा, आणि तिच्यावर सामान बांधू नका.

आणि बर्फाची जाडी. हा खरं तर वेगळ्या भाषणाचा विषय. प्रवाहाच्या तोंडाशी, भेगांजवळ तो कसा बदलतो ते सांगायचं होतं, राहिलं. एवढं तरी ध्यानात ठेवा: पांढरा, दुधी बर्फ निळसर स्वच्छ बर्फाच्या निम्म्याच ताकदीचा धरायचा. अंदाजाने जाऊ नका, जागोजाग भोक पाडून मोजा. ज्या मासेमाराकडून गाडी घेतलीत, त्याला पहिल्या फेरीला शेजारी बसवा. तो थांब म्हणाला की थांबा. आणि कुठे चाललात, किती वाजता परत येणार, हे घरी कागदावर लिहून ठेवून मगच निघा.