दुरुस्त केलेला वूफर आणि हरवलेला खर्ज

मला इथे नेहमी माइक लावायला बोलावतात. माइकसमोर बोलायला पहिल्यांदाच बोलावलंय. नोकरी सरकारी, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, म्हणून मंडळाचे स्पीकर माझ्या गळ्यात!

गेल्या वर्षी आपले दोन्ही वूफर दुरुस्त करून आणले. पहिल्याच आरतीला एक आजोबा म्हणाले, "आवाज मोठा आहे, पण तबल्याला अंग नाही." ते खरंच होतं. बैठकीत जुने स्पीकर भंगारात काढून नवे घ्यायचं ठरत होतं. पैसे तुमच्या-आमच्या वर्गणीचे, म्हणून मी आठ दिवस मागून घेतले.

दुरुस्तीने खर्ज बिघडतो का? बिघडू शकतो. डग्ग्याचं उदाहरण घ्या. पुडी किती ताणलेली आणि शाई किती जड, यावर त्याचा आवाज ठरतो. वूफरचंही तसंच आहे. कागदी कोनाभोवती फोमची किंवा रबराची कड असते. कोन त्या कडेवर आणि आतल्या स्पायडरवर तरंगत असतो. दमणगंगेकाठच्या आपल्या दमट हवेत फोम काही वर्षांत भुसभुशीत होतो. त्या जागी कडक कड बसवली तर कोन मोकळा हलत नाही आणि खोल खर्ज कमी होतो. कोन जास्त जड बसवला तर आवाज खाली उतरतो, पण तेवढ्याच पॉवरवर तो बारीक येतो. ८ ओहमच्या जागी ४ ओहमची कॉइल भरली तर अॅम्प्लिफायर तापतो. कॉइल मधोमध बसली नाही तर खरखर येते.

मी हे सगळं तपासलं. काम चोख होतं. मग दीड व्होल्टचा सेल घेतला आणि त्याचा प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवला. दोन्ही कोन बाहेर आले. म्हणजे वूफर निर्दोष; चूक बाहेरच्या जोडणीत. एका पेटीच्या वायरी उलट्या लागल्या होत्या, आणि त्या मीच लावल्या होत्या! एक कोन बाहेर येई तेव्हा दुसरा आत जाई. ५० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट जवळपास ७ मीटर लांब असते. शेजारी ठेवलेल्या पेट्यांच्या अशा लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. दोन वायरी बदलल्या आणि खर्ज परत आला. खर्च शून्य.

म्हणून दुरुस्तीला देताना तीन गोष्टी सांगा : कड मूळ मापाची आणि तितकीच मऊ हवी, कॉइल मूळ ओहमची हवी, प्लसची खूण जागेवर हवी. नवी कड सुरुवातीला थोडी ताठ असते, वापराने सैलावते. लगेच कारागिराला बोल लावू नका.

आणि खर्ज म्हणजे छातीत धडधड नव्हे. त्याने शेजाऱ्यांच्या खिडक्या हादरत असतील तर तो खर्ज नाही, गोंगाट आहे.

पेट्या तपासायला मी बाबूजींचंच गाणं लावतो. २ ऑगस्ट १९५४ ला आपलं सिल्वासा मुक्त झालं, त्या लढ्यात सुधीर फडके स्वतः उतरले होते. त्यांच्या सुरामागचा तबला या गावात तरी नीट ऐकू यायला हवा.

यंदा आरतीला तेच जुने स्पीकर आहेत. आजोबांनी काल नुसती मान डोलावली. मला तेवढं पुरे.

गणपती बाप्पा मोरया!