शेतकरी उत्पादक कंपनी : नोंदणीचे कागद आणि आपली जबाबदारी

(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



गटाचा माल विकायला गेले की पहिला प्रश्न येतो, बिल कोणाच्या नावाने करायचे? गटाला कायद्याने स्वतःचे नाव नसेल, तर व्यवहार कुणा एकाच्या नावावर होतो आणि पैसे बुडाले की तोच अडकतो. यासाठी शेतकरी उत्पादक कंपनी हा एक मार्ग आहे. डॉ. वाय. के. अलघ समितीच्या शिफारशींनंतर २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात तिची तरतूद झाली. आता ती २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे.

या कंपनीत सभासदाची जबाबदारी त्याच्या भागांवरील न भरलेल्या रकमेपुरती मर्यादित असते. समजा, आपण १,००० रुपयांचे भाग घेऊन पूर्ण रक्कम भरली. पुढे कंपनी तोट्यात गेली, तरी तिच्या देण्यापोटी आपल्या जमिनीवर टाच येत नाही. मात्र कर्ज घेताना आपण वैयक्तिक हमीपत्रावर सही केली, तर त्या कर्जापुरते हे संरक्षण उरत नाही. म्हणून कोणताही कागद वाचल्याशिवाय सही करू नये.

नोंदणीसाठी किमान १० उत्पादक व्यक्ती लागतात. संचालक ५ ते १५ असावेत. पुढील कागद आधी जमवावेत :

१) प्रत्येकाचे पॅन, आधार, छायाचित्र व पत्त्याचा पुरावा.
२) उत्पादक असल्याचा पुरावा : सातबारा उतारा किंवा तसा दाखला. जमीन नावावर नसली तरी दुग्धव्यवसाय किंवा कुक्कुटपालन करणारी महिलाही कायद्याने उत्पादकच आहे.
३) कार्यालयाच्या जागेचे अलीकडचे वीजबिल व जागामालकाचे संमतीपत्र.
४) डिजिटल सही.
५) घटनापत्रक व नियमावली.

सातबारा, आधार व पॅन यांवरील नावे जुळत नसतील, तर अर्जापूर्वीच दुरुस्ती करून घ्यावी. एका अक्षराच्या फरकानेही अर्ज परत येऊ शकतो.

यांतील नियमावली सर्वांत महत्त्वाची. तयार नमुन्यावर सह्या करून मोकळे होऊ नये. भागाची किंमत, मालाचे पैसे केव्हा मिळणार, बोनस कसा वाटणार, सभासदत्व केव्हा जाणार, हे त्यात असते. सभेसाठी एकूण सभासदांपैकी एकचतुर्थांश हजर लागतात. सभासदसंख्या फुगवण्यासाठी ४०० नावे घातली, तर प्रत्येक सभेला १०० जण जमवावे लागतील.

नोंदणीचा दाखला मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. ३० दिवसांत लेखापरीक्षक नेमावा. पहिली वार्षिक सभा ९० दिवसांत घ्यावी. भागांची रक्कम बँकेत जमा झाल्याचे घोषणापत्र १८० दिवसांत द्यावे, त्याआधी व्यवसाय सुरू करता येत नाही. पुढे दरवर्षी सभेनंतर ३० दिवसांत हिशेबपत्रके व ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र दाखल करावे. उशीर झाल्यास प्रत्येक पत्रकास दररोज १०० रुपये जादा शुल्क पडते. सलग तीन वर्षे ती दाखल केली नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. उलाढाल शून्य असली तरी यातून सूट नाही.

तेव्हा सनदी लेखापाल किंवा कंपनी सचिवाची वार्षिक फी किती, हे आधी विचारावे व ती मालाच्या विक्रीतून निघेल का, याचा हिशेब मांडावा. नियमावली गावात सर्वांसमोर वाचून दाखवावी. शंका फिटल्यावरच सह्या कराव्यात.